पोलो ग्राउंड्सची वायर

"बेसबॉलवर लेख? आणि तोही मराठी विभागात?" संपादक मंडळातल्या मित्राने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मेसच्या भाजीची तारीफ केली होती. त्याचं चूक नाही म्हणा. आपल्याला बेसबॉलची बॅट माहीत आहे ती हिंदी पिक्चरमधल्या मारामारीमुळे. कॉमन रूममध्ये क्रिकेट चालू असताना चॅनल बदलायची हिंमत रेक्टर सरांनाही होत नाही. तरीही मी १९५१ सालच्या एका बेसबॉल मॅचवर लिहिणार आहे. कारण गेल्या सेमच्या प्रॅक्टिकल एक्झामनंतर आमच्या फ्लोअरवर रात्री दोन वाजेपर्यंत ज्या प्रश्नावरून भांडण झालं, अगदी तोच प्रश्न त्या मॅचने उभा केला होता. भांडणाचं शेवटी सांगतो. आधी मॅच.

न्यूयॉर्क शहरात तेव्हा बेसबॉलच्या तीन मोठ्या टीम होत्या. त्यातल्या न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स या दोन टीम एकाच लीगमध्ये होत्या, म्हणजे दर सीझनला एकमेकींशी २२ मॅचेस. शहर एक, टीम दोन, मग काय होणार! एकाच ऑफिसात, एकाच बिल्डिंगमध्ये, कधी एकाच घरात दोन पक्ष. डॉजर्स ही जॅकी रॉबिन्सनची टीम. १९४७ साली रॉबिन्सन मैदानात उतरला आणि तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या मोठ्या लीगचं दार काळ्या खेळाडूंना उघडलं. जायंट्सचा मॅनेजर होता लिओ ड्युरोशर. हा गडी १९४८ च्या जुलैपर्यंत डॉजर्सचाच मॅनेजर होता, आणि सीझन चालू असतानाच उठून थेट शत्रूच्या तंबूत गेला. एवढं सांगितलं म्हणजे दुश्मनी कळली असेल.

आता १९५१ चा सीझन. एकूण मॅचेस १५४. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जायंट्स डॉजर्सपेक्षा १३ मॅचेसने मागे होते. आपल्या भाषेत सांगायचं तर तीन विषयात केटी आणि चौथ्याचं सबमिशन बाकी. आणि मग काय झालं कोण जाणे, शेवटच्या ४४ मॅचपैकी त्यांनी ३७ जिंकल्या! त्यात सलग १६. शेवटच्या दिवशी, ३० सप्टेंबरला, जायंट्स बॉस्टनमध्ये जिंकले. तिकडे फिलाडेल्फियात डॉजर्स हरता हरता वाचले. नऊ इनिंगची मॅच चौदाव्या इनिंगपर्यंत गेली आणि रॉबिन्सनच्या होमरनने त्यांनी ती काढली. दोन्ही टीम ९६ विजय, ५८ पराभव. बरोबरी.

नियमाप्रमाणे बरोबरी सोडवायला तीन मॅचेस ठरल्या. या तीनही मॅचेस अधिकृतपणे रेग्युलर सीझनमध्येच धरल्या जातात, बाद फेरीत नाही. पहिली डॉजर्सच्या मैदानावर, एबेट्स फील्डवर. जायंट्स ३-१ ने जिंकले. दुसरी जायंट्सच्या मैदानावर, पोलो ग्राउंड्सवर; डॉजर्सनी १०-० असा धुव्वा उडवला. तिसरी ३ ऑक्टोबरला, पुन्हा पोलो ग्राउंड्सवर.

ज्यांना बेसबॉल अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. बॉलर म्हणजे पिचर, विकेटकीपरच्या जागी बसतो तो कॅचर. पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर साडेसाठ फूट, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षा साडेपाच फूट कमी. बॉल टप्पा घेत नाही, थेट येतो. ताशी १४५ किलोमीटरचा फास्टबॉल बॅटरपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतो. (एफ.ई. वाल्यांनी हिशोब करून बघावा.) एवढ्या वेळात बॅटरने ओळखायचं की हा फास्ट आहे की वळणारा कर्व्ह, मग ठरवायचं, मग बॅट फिरवायची. म्हणून पुढचा बॉल कोणता टाकायचा हे कॅचर दोन पायांच्या मध्ये बोटं लपवून पिचरला खुणेने सांगतो. ही खूण बॅटरला कळली तर त्याचं अर्धं काम झालं. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर ३ ऑक्टोबर. मैदानात ३४,३२० माणसं, बाकीचं शहर रेडिओला चिकटलेलं. आठ इनिंग झाल्या तेव्हा डॉजर्स ४-१ ने पुढे. डॉजर्सचा पिचर डॉन न्यूकम्ब थकला होता, पण खेचत होता. जायंट्सची शेवटची इनिंग सुरू झाली. अल्विन डार्कने सिंगल मारली. डॉन म्युलरने सिंगल मारली. मॉन्टी अर्विन आउट झाला. व्हाइटी लॉकमनने डबल मारली, स्कोअर ४-२, दोन जण बेसवर. डॉजर्सचा मॅनेजर चार्ली ड्रेसन याने पिचर बदलायचं ठरवलं. वॉर्म-अप करणाऱ्या दोघांपैकी एकाचा कर्व्ह जमिनीवर आपटतोय असं फोनवर कळलं, म्हणून त्याने दुसऱ्याला बोलावलं. तो होता राल्फ ब्रँका, पाठीवर १३ नंबर. समोर बॉबी थॉमसन. दोनच दिवसांपूर्वी याच थॉमसनने याच ब्रँकाला होमरन मारला होता. थॉमसनच्या मागे नंबर लावून उभा होता वीस वर्षांचा एक नवखा मुलगा. त्याचं नाव विली मेज, आणि पुढे तो बेसबॉलमधला सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक झाला.

पहिला बॉल फास्ट. थॉमसनने सोडला, स्ट्राइक. दुसरा बॉलही फास्ट. थॉमसनने फिरवली आणि बॉल डावीकडच्या भिंतीवरून प्रेक्षकांत! तीन रन, ५-४, सीझन खलास. रेडिओवर रस हॉजेस हा कॉमेंटेटर एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत राहिला. ब्रुकलिनमधल्या एका श्रोत्याच्या घरी ते टेपवर रेकॉर्ड झालं म्हणून आजही ऐकायला मिळतं. जायंट्सचे खेळाडू नाचत होते, आणि रॉबिन्सन एकटा मैदानात उभा राहून थॉमसन प्रत्येक बेसला पाय लावतो की नाही ते बघत होता. ब्रँका क्लबहाउसच्या जिन्यावर पालथा पडून रडला. तो फोटो प्रसिद्ध आहे.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. अशा गोष्टी स्पोर्ट्सच्या पानावर पुष्कळ मिळतात.

पन्नास वर्षांनी, जानेवारी २००१ मध्ये, जोशुआ प्रेगर नावाच्या पत्रकाराने 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये एक रिपोर्ट लिहिला. कुजबूज आधीपासून होतीच, पण त्याने त्या टीममधल्या हयात खेळाडूंना गाठून विचारलं आणि अनेकांनी कबूल केलं. पोलो ग्राउंड्सचं मैदान विचित्र आकाराचं होतं, बाथटबसारखं लांबुळकं. बॅटरच्या बरोबर समोर, जवळपास दीडशे मीटरवर, क्लबहाउस होतं. तिथल्या खोलीच्या खिडकीत दुर्बीण घेऊन एक माणूस बसायचा आणि समोरच्या कॅचरची बोटं वाचायचा. मग तो बटण दाबायचा. तिथून निघालेली वायर मैदानाच्या कडेला राखीव खेळाडूंच्या जागेपर्यंत गेली होती. एकदा बझर म्हणजे फास्ट, दोनदा म्हणजे कर्व्ह. तिथे बसलेला खेळाडू साधीशी हालचाल करायचा. हातातला बॉल उडवला की एक अर्थ, नुसता धरून ठेवला की दुसरा. बॅटरने फक्त तिकडे एक नजर टाकायची. जुलै १९५१ पासून हे चालू होतं.

मी इलेक्ट्रिकलचा. हे वाचल्यावर प्रामाणिकपणे सांगतो, पहिली प्रतिक्रिया होती, वा! दुर्बीण, स्विच, वायर, बझर. एफ.ई.च्या बेसिक इलेक्ट्रिकलच्या पहिल्या प्रॅक्टिकलचं सर्किट, आणि त्यावर अख्ख्या लीगला चकवलं. ज्याने कोणी वायरिंग केलं त्याला टर्मवर्कला पूर्ण मार्क द्यायला हवेत. नंतर मात्र जेवढा विचार केला तेवढं ते डोक्यात रुतत गेलं.

जायंट्सच्या बाजूने तीन मुद्दे सांगितले जातात. आमच्या फ्लोअरवरही हेच तीन निघाले, म्हणून एकेक घेतो.

पहिला मुद्दा, "असा नियमच नव्हता." खरं आहे. यंत्र वापरून खुणा वाचू नयेत असा लेखी नियम तेव्हा नव्हता. आणि नुसत्या डोळ्यांनी खुणा ओळखणं तर बेसबॉलमध्ये आजही चालतं. सेकंड बेसवर उभा असलेला रनर कॅचरची बोटं बघतो आणि बॅटरला इशारा करतो, त्याला कोणी चोर म्हणत नाही. आपल्याकडेही बॉलरच्या मनगटावरून गुगली ओळखणं हे कौशल्यच आहे. पण रनर सगळ्यांसमोर उभा असतो, समोरची टीम त्याला बघून खुणा बदलू शकते. दुर्बीणवाला खोलीत असतो. इथे मला १९९९ च्या वर्ल्डकपमधली आपली होव्हची मॅच आठवते. दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिए कानात इअरपीस घालून उतरला होता आणि कोच बॉब वुल्मर बाहेरून त्याच्याशी बोलत होता. त्याविरुद्धही तेव्हा नियम नव्हता. मॅच रेफ्रीने काढायला सांगितल्यावर तो काढला गेला. पण निदान इअरपीस कानात दिसत तरी होता! नियम नव्हता तर जायंट्सनी वायर लपवली कशाला? मला वाटतं, आपण करतोय ते बरोबर की चूक हे ठरवायला नियमांचं पुस्तक लागत नाही. समोरच्याला कळलं तर चालेल का, एवढं स्वतःला विचारलं की उत्तर मिळतं.

दुसरा मुद्दा, "कळलं तरी मारावा तर लागतोच ना!" हाही खरा. खुद्द ब्रँकाच पुढे असं म्हणाला. शिवाय इंजिनिअरसारखं बघितलं तर डेटा जायंट्सच्या बाजूने आहे. पहिल्या मॅचला दुर्बीण नव्हती, कारण मैदान डॉजर्सचं, तरी थॉमसनने ब्रँकालाच होमरन मारला. दुसऱ्या मॅचला मैदान दुर्बिणीचं आणि जायंट्सना भोपळा! तिसऱ्या मॅचला आठ इनिंगमध्ये जेमतेम एक रन. बॉस्टनमधला शेवटच्या दिवसाचा विजयही दुर्बिणीशिवायच. म्हणजे ती वायर नसतीच तरी कदाचित जायंट्स जिंकले असते. थॉमसनने यंत्रणा होती हे मान्य केलं, पण त्या एका बॉलला आपण इशारा घेतला नव्हता असंच तो सांगत राहिला. २०१० मध्ये तो गेला.

मी थॉमसनवर विश्वास ठेवायला तयार आहे. पण बघा ना, बेसबॉलमधल्या सगळ्यांत गाजलेल्या फटक्याबद्दल बोलताना आता मला 'विश्वास ठेवायला तयार आहे' असं म्हणावं लागतं! त्या ०.४ सेकंदात त्याच्या डोळ्यांनी आणि मनगटांनी जे केलं असेल, ते त्याचं स्वतःचं होतं हे तो कधीच सिद्ध करू शकला नाही. लॅबमध्ये मीटरला झिरो एरर आहे असं नंतर कळलं की सगळी रीडिंग्ज बाद होतात, मग त्यातली काही बरोबर का असेनात. वायरने डॉजर्सचं काय घेतलं हे सांगता येत नाही. थॉमसनचं काय घेतलं हे मात्र अगदी स्पष्ट सांगता येतं.

तिसरा मुद्दा, "सगळेच करतात." यावर ब्रँकाची गोष्ट सांगतो. ब्रँकाला हे गुपित १९५४ मध्येच कळलं होतं. तेव्हा तो डेट्रॉइटच्या टीममध्ये होता आणि तिथल्या एका सहकाऱ्याने त्याला सांगितलं. विचार करा, ज्या एका बॉलसाठी सगळं जग तुम्हाला ओळखतं आणि हसतं, त्या बॉलमागे काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. हा माणूस जाहीरपणे काहीही बोलला नाही. हरला म्हणून रडतोय असं लोकांनी म्हणू नये, एवढंच त्याला वाटत होतं. उलट थॉमसनबरोबर कार्यक्रमांना गेला, दोघांनी शेजारी बसून त्या क्षणाच्या फोटोंवर सह्या केल्या, दोघांची मैत्री झाली. २००१ नंतरच तो मोकळेपणाने बोलू लागला. २०१६ मध्ये वारला. 'सगळेच करतात' म्हणताना त्या 'सगळ्यां'मध्ये ज्याला खबर पोचलेली नसते तो कधीच नसतो, हे आपण विसरतो.

आता आमच्या फ्लोअरचं. गेल्या सेमला मशीन्सची प्रॅक्टिकल एक्झाम होती. रोल नंबरप्रमाणे दोन बॅचेस, सकाळची आणि दुपारची. माझा रूम पार्टनर सकाळच्या बॅचला. एक्स्टर्नलने त्याला विचारलं, "इंडक्शन मोटरची स्लिप शून्य झाली तर काय होईल?" तो अडकला. आणखी दोन-तीन प्रश्नांना गडबडला. साडेबाराला मेसमध्ये ताट घेऊन समोर बसला आणि चेहरा पाडून मला एकेक प्रश्न सांगितला. मी एका हाताने जेवत, दुसऱ्या हाताने पुस्तकाची पानं उलटत सगळी उत्तरं बघून घेतली. दुपारी तोच प्रश्न आला. मी लगेच उत्तर दिलं नाही हं! जरा वर बघितलं, विचार केल्यासारखं केलं, आणि मग म्हणालो, "सर, सापेक्ष गती नाही म्हणजे रोटरमध्ये ईएमएफ नाही, करंट नाही, म्हणून टॉर्क नाही." एक्स्टर्नल खूश. मला ५० पैकी ४४. त्याला ३१.

वर्षभर लॅबमध्ये कनेक्शन्स त्याने केली होती. मी रीडिंग्ज उतरवून घ्यायचो.

रात्री भांडण पेटलं ते यावरूनच. कोणी म्हणालं, कॉलेजने कुठे सांगितलंय की प्रश्न सांगू नका? कोणी म्हणालं, सांगितले तरी उत्तर तुलाच द्यावं लागलं ना? कोणी म्हणालं, अरे, पंधरा वर्षं हेच चालू आहे. तीनही मुद्दे आले, आणि जायंट्सबद्दल काहीही माहीत नसलेल्या मुलांच्या तोंडून आले! रूम पार्टनर काहीच बोलला नाही. कोपऱ्यात बसून मोबाईल बघत होता. मी त्याला नंतर "सॉरी यार" म्हणालो, तर म्हणाला, "मीच तर सांगितलं ना तुला."

मला इथे कोणाला उपदेश करायचा नाही, माझीच लायकी नाही. स्लिपचं उत्तर मला आज खरंच येतं, हेही मान्य. पण ४४ मध्ये माझे किती आणि मेसमधल्या ताटाचे किती, हे मला सांगता येत नाही. कधीच येणार नाही. इंटरव्ह्यूमध्ये कोणी मशीन्सबद्दल विचारलं की पोटात गोळा येतो, कारण तिथे सकाळची बॅच नसते.

उपाय काय? मुलांच्या प्रामाणिकपणावर सोडून भागत नाही, हे बेसबॉलनेच दाखवलं. २०१७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज या टीमने कॅमेऱ्यातून खुणा वाचल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला सांगितलं. दुर्बिणीच्या जागी कॅमेरा, बझरच्या जागी डबा, बाकी सगळं तेच. २०१९ च्या शेवटी ते फुटलं. जानेवारी २०२० मध्ये टीमला ५० लाख डॉलर दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभरासाठी निलंबित झाले. खेळाडूंना शिक्षा झाली नाही आणि जिंकलेलं विजेतेपदही टीमकडेच राहिलं. शेवटी २०२२ पासून लीगने बोटांच्या खुणांना पर्यायच दिला. कॅचर मनगटावरचं बटण दाबतो आणि पिचरला टोपीत बसवलेल्या छोट्या स्पीकरमधून ऐकू येतं. चोरायला बोटंच दिसत नाहीत.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. दोन्ही बॅचला तेच प्रश्न नकोत. दुपारच्या बॅचला वेगळा प्रश्नसंच ठेवा, एक्स्टर्नलना दोन याद्या आधीच द्या, आणि दर सेमला बॅचची अदलाबदल करा, म्हणजे आडनाव 'अ' ने सुरू होतं म्हणून कोणी चार वर्षं सकाळी बळी जायला नको. याला खर्च शून्य. तुम्हालाही हे सगळं माहीत आहे, कारण तुम्हीही याच बाकांवर बसला होतात.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी एवढंच. सकाळच्या बॅचचा मित्र पडलेल्या चेहऱ्याने समोर येऊन बसला, तर आधी त्याला जेवू द्या. प्रश्न विचारू नका. जमेल का, ते माहीत नाही. मलाही पुढच्या सेमला बघायचं आहे.

पोलो ग्राउंड्स १९६४ मध्ये पाडलं गेलं. त्याआधीच, १९५७ च्या सीझननंतर, दोन्ही टीम न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेल्या होत्या. मैदान नाही, खिडकी नाही, वायर नाही. थॉमसनचं नाव निघालं की प्रश्न मात्र अजून निघतोच. हा लेख छापायला देण्याआधी रूम पार्टनरला वाचायला दिला. त्याने शांतपणे वाचला आणि म्हणाला, "३१ लिहिलंयस ते तसंच राहू दे. पण कनेक्शन्स मी करायचो ते लिहिलंस, बरं केलंस."